तीन डॅक, एक स्विच आणि तानपुरा : कामाच्या नोंदी

५ एप्रिल

घरात आता तीन डॅक (डिजिटल फाइलमधले आकडे ॲम्पला लागणाऱ्या विजेच्या लाटेत बदलणारी यंत्रं) आहेत आणि तिघांचा आवाज मला वेगळा वाटतो. तो खरोखर वेगळा आहे का, आणि असेल तर कशामुळे, हे शोधायचं काम आजपासून हातात घेतलं. हेच करू पाहणाऱ्यांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून नोंदी ठेवतोय. चुका जशा होतील तशा लिहीन, झाकणार नाही.

तिघांची ओळख. पहिला अंगठ्याएवढा, थेट यूएसबीला लागणारा. त्याला 'डबी' म्हणतो. दुसरा 'पेटी': डेल्टा-सिग्मा (हल्लीच्या बहुतेक डॅकमधली पद्धत) चिपवाला, भारदस्त, रिमोटवर व्हॉल्यूम असलेला. तिसरा 'शिडी': यात तयार डॅक चिप नाही, अचूक मूल्याच्या सुट्या रेझिस्टरांची आर-टूआर शिडी आहे. शिडीत ओव्हरसॅम्पलिंग (फाइलमधल्या नमुन्यांच्या, म्हणजे क्षणाक्षणाच्या आकड्यांच्या, मधे गणिताने आणखी आकडे भरणं) बंद करायची सोय आहे, त्याला एनओएस मोड म्हणतात. पेटीच्या पैशांत वीसेक डब्या येतील आणि शिडीच्या पैशांत दोन पेट्या.

शिडी मी तानपुऱ्यासाठी घेतली. जवारी (घोडीवर तार जिथे घासते ती जागा) उघडी लागली की तारेतून जी झळाळी उठते ती पेटीवर मला काचेसारखी वाटायची, आणि शिडीवर ती लोकरीसारखी होते असं वाटलं. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे माझा कल कुठे होता ते वाचणाऱ्याला कळेल.

आज तीन तास तारा काढून-घालून ऐकलं. वहीची दोन पानं भरली. पेटी: मोकळी, जिवंत, पुढे येणारी, तबल्याची चाट धारदार. शिडी: मऊ, खोल, सावकाश. डबी: बारीक, दमलेली.

६ एप्रिल

कालची दोन्ही पानं रद्द.

मल्टिमीटर आणला आणि पूर्ण पातळीचा टेस्ट टोन वाजवून प्रत्येकाचं आउटपुट मोजलं. पेटी २.१४ व्होल्ट, शिडी १.९८, डबी १.००. पेटी शिडीपेक्षा ०.६७ डीबीने (डेसिबलने) मोठी. एवढा फरक कानाला 'आवाज मोठा' असा कळत नाही, तो 'जास्त मोकळा, जास्त जिवंत' असा कळतो. डबी तर सहा डीबीने खाली, म्हणजे व्होल्टेज निम्मं. ती दमलेली वाटणारच. तारा बदलायला दीड मिनिट लागत होतं, तेवढ्या वेळात आधीचा आवाज डोक्यात टिकत नाही, हा दुसरा दोष.

पुढचा बेत ठरला: झटकन बदलता येईल असा स्विचचा डबा, पातळी ०.१ डीबीच्या आत जुळवणं, आणि कोण वाजतंय हे माहीत नसताना ऐकणं.

८ एप्रिल

आणखी एक सापडलं. पेटीच्या डिस्प्लेवर ४८ असा आकडा होता. माझं सगळं संगीत सीडीवरून उतरवलेलं, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४४,१०० नमुने), १६ बिट. संगणकाचा मिक्सर मधल्यामध्ये सगळं ४८ ला बदलून पाठवत होता. दोन महिने हे असंच चाललं असणार. प्लेअरमध्ये एक्स्क्लूजिव्ह मोड (मिक्सरला वगळून थेट डॅकला पाठवणारा) लावल्यावर ४४.१ दिसलं. ज्यांच्या डॅकला डिस्प्ले नाही त्यांनी ही गोष्ट प्लेअरच्या आणि सिस्टिमच्या सेटिंगमध्ये जाऊन मुद्दाम तपासावी. विशेषतः एनओएस मोड ऐकायचा असेल तर संगणकाने आधीच केलेलं रूपांतर सगळा खेळ बिघडवतं.

१२ एप्रिल

स्विचचा डबा बांधला. ॲल्युमिनियमचं खोकं, तीन जोड्या आरसीए इनपुट, एक जोडी आउटपुट, मधे रोटरी स्विच. भोकं पाडणं, सोल्डरिंग, तपासणी मिळून पाच तास.

आणि स्विच चुकीचा आला. रोटरी स्विच दोन प्रकारचे असतात. एकात पुढचा संपर्क जुळल्यावर मागचा सुटतो, दुसऱ्यात मागचा सुटल्यावर पुढचा जुळतो. मी मागवताना हे पाहिलंच नाही आणि पहिला प्रकार आला. म्हणजे बटण फिरवताना क्षणभर दोन डॅकची आउटपुटं एकमेकांना जोडली जातात. आउटपुटला थोडा रेझिस्टन्स असतो म्हणून काही जळलं नाही, पण असं ठेवणं बरोबर नाही. दुसरा स्विच मागवला. आठवडा गेला.

१८ एप्रिल

नवा स्विच बसवला. ॲम्प चालू केला तर स्पीकरमधून गुणगुण. संगीत नसताना तीन मीटरवरून ऐकू येत होती.

कारण शोधायला अख्खी संध्याकाळ गेली. संगणकाला एक यूएसबी-एसपीडीआयएफ कन्व्हर्टर (यूएसबीचा सिग्नल डॅकच्या डिजिटल इनपुटला चालेल असा करणारा) लावलाय. त्याचं कोॲक्स (धातूच्या तारेचं) आउटपुट शिडीला, ऑप्टिकल (प्रकाशाचं) पेटीला, म्हणजे एकच सिग्नल एकाच वेळी दोघांना. खोक्यात मी तिन्ही इनपुटची ग्राउंड एकत्र ठेवली होती. संगणकाची ग्राउंड कोॲक्समार्गे शिडीत, तिथून खोक्यात, तिथून ॲम्पमध्ये, आणि ॲम्प भिंतीतल्या अर्थिंगमधून पुन्हा संगणकाच्या चार्जरपाशी. वेटोळं पुरं झालं, आणि त्यात फिरणारी वीज गुणगुण बनून ऐकू येत होती.

आधी वाटलं, ग्राउंडसुद्धा स्विचनेच तोडावी. तसं करून पाहिलं, व्हॉल्यूम खाली ठेवून. ग्राउंड आधी सुटली आणि सिग्नलची तार जोडलेलीच राहिली की स्पीकरमधून 'धड्' असा दणका येतो. मोठ्या व्हॉल्यूमला हे झालं तर ट्वीटर (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) जाईल. हा मार्ग कुणीही घेऊ नये. ग्राउंड परत एकत्र केली.

१९ एप्रिल

उपाय डिजिटल बाजूलाच निघाला. कोॲक्स काढली आणि ऑप्टिकल दोघांना वाटली. ऑप्टिकल तारेत वीज वाहतच नाही, त्यामुळे वेटोळं तुटलं. प्रकाश दोन वाटांनी देणारा साधा स्प्लिटर लावला. लॅपटॉप बॅटरीवर. गुणगुण गेली, ट्वीटरला कान लावला तरी नाही.

स्प्लिटरमुळे प्रत्येकाला निम्माच प्रकाश मिळतो. ४४.१ ला दोघंही नीट पकडतात, ९६ ला शिडी मधूनमधून सोडून देते. ९६ चा नाद सोडला. माझ्या संग्रहात सीडीचाच माल आहे. शिवाय मेयर आणि मोरन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत एसएसीडीच्या (सीडीपेक्षा जास्त बारकाईने नोंदलेल्या तबकडीच्या) वाटेत १६ बिट ४४.१ चा टप्पा घातला होता, तेव्हा ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली. म्हणजे छापा-काट्याइतकीच. मला डॅक तपासायचे आहेत, फॉरमॅट नाही.

२० एप्रिल

पातळी जुळवण्याचा दिवस. सोपं वाटलं होतं, पण पूर्ण रविवार खाल्ला.

पेटीचा व्हॉल्यूम अर्ध्या डीबीच्या पायऱ्यांनी बदलतो. म्हणजे पाव डीबीपर्यंत चूक राहू शकते, ती मला चालणार नाही. म्हणून खोक्यात पेटी आणि शिडीच्या प्रत्येक चॅनेलला १० किलोओहमचा मल्टिटर्न ट्रिमपॉट (फिरवून पातळी कमीजास्त करता येणारा रेझिस्टर) टाकला. पेचकसाने पंचवीस वेढे फिरतो तो निळा चौकोनी प्रकार. एका वेढ्यात किती थोडा बदल होतो हे पाहिलं की हात आपोआप शांत होतो.

मीटरबद्दल दोन गोष्टी. माझा साधा साडेतीन आकडी मीटर १.९९९ व्होल्टच्या पुढे गेला की वरच्या रेंजमध्ये उडी मारतो. पेटी एका रेंजमध्ये आणि शिडी दुसऱ्या रेंजमध्ये मोजणं म्हणजे दोन वेगळ्या फूटपट्ट्यांनी मोजणं. म्हणून टेस्ट टोन सहा डीबीने खाली घेतला, सगळे आकडे एक व्होल्टच्या आसपास आले. आता मीटरवरचा एक मिलिव्होल्ट म्हणजे डीबीचा साधारण शंभरावा भाग. दुसरं, साधे मीटर वरच्या वारंवारतेला एसी नीट मोजत नाहीत. १०० हर्ट्झचा टोन घेतला.

शिडीचा उजवा चॅनेल डाव्यापेक्षा किंचित खाली निघाला, १.९८ ला १.९६. म्हणजे ०.०९ डीबी. तोही जुळवला.

चारही चॅनेल ०.९७० व्होल्टवर आणून खूश झालो, खोकं बंद केलं, ॲम्प जोडला. मग सहज, आउटपुटवर मीटर पुन्हा टेकवला: पेटी ०.९५३, शिडी ०.९६६. मी जुळवणी ॲम्प न जोडता केली होती. पेटीचा ट्रिमपॉट बराच खाली फिरवलेला, त्यामुळे त्याच्या मागचा रेझिस्टन्स जास्त. ॲम्पच्या ४७ किलोओहमचा भार पडल्यावर पेटी जास्त वाकली. फरक ०.१२ डीबी, म्हणजे ज्या मर्यादेसाठी हा सगळा खटाटोप तीच ओलांडली. खोकं पुन्हा उघडलं, ॲम्प जोडलेला ठेवून चौघांना ०.९६० वर आणलं. रात्रीचे साडेदहा.

झोपण्याआधी दहा मिनिटं ऐकलं, कोण वाजतंय हे बघत. पाच तारखेची 'जिवंत' पेटी गायब होती. पण शिडीचा मऊपणा थोडा उरलाय असं वाटलं. शिडी ओव्हरसॅम्पलिंगवर होती.

२६ एप्रिल

भाचा दोन महिन्यांसाठी आलाय, त्याला कामाला लावला. मी स्पीकरकडे तोंड करून, तो माझ्या मागे. तो नाणं उडवून बटण फिरवणार, मी नाव सांगणार. पेटी विरुद्ध शिडी. सोळा फेऱ्या. नुसत्या अंदाजाने सोळापैकी बारा किंवा जास्त बरोबर यायची शक्यता ३.८ टक्के असते, म्हणून बाराची रेघ ठरवली. दहा आले तर काही सिद्ध होत नाही, तेवढे अंदाजाने जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या वेळा येतात.

सोळापैकी सोळा. मला फार आनंद झाला. इतके दिवस वाटत होतं ते खरं ठरलं.

२७ एप्रिल

ते खरं ठरलं नव्हतं.

सकाळी भाच्याला ऐकायला बसवलं आणि बटण मी घेतलं. पहिल्या पाच फेऱ्या बरोबर सांगून तो म्हणाला, "मामा, हे सोपंय. शिडी लागली की तबला अडखळतो."

तबल्याची एक चाट पुन्हा पुन्हा वाजवून बटण फिरवलं. पेटीवरून शिडीवर जाताना 'ना' दोनदा उमटतो, शिडीवरून पेटीवर येताना एक तुकडा गळतो. दोन्ही डॅकची आउटपुटं ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज संगणकात रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राच्या) डाव्या-उजव्या चॅनेलवर एकाच वेळी रेकॉर्ड करून पाहिली. शिडी ४३ मिलिसेकंद मागे. तिच्या आत सिग्नल साठवून मग शिडीवर चढवतात, त्याचा हा वेळ. मी काल आवाज ओळखत नव्हतो, ठेच ओळखत होतो, आणि मला ते कळतही नव्हतं. मला खात्रीने 'मऊपणा' ऐकू येत होता.

त्याच रेकॉर्डिंगमध्ये शिडीची लाट उलटी दिसली. ती पोलॅरिटी उलटवते. तिच्या मेन्यूत फेज बदलायची सोय होती, सरळ केली.

३ मे

नवी पद्धत. वाजताना बदल नाही. ॲम्प म्यूट, बटण फिरवायचं, तोच तीस सेकंदांचा तुकडा पहिल्यापासून. प्रत्येक फेरीत आधी अ आणि ब ओळखीने ऐकायचे, मग क्ष (दोघांपैकी एक, कोणता ते मी ओळखायचं).

सरावाच्या फेऱ्यांतच भाच्याने दुसरी खोट दाखवली. "शिडीच्या घरात बटण बसायला जोर लागतो, वेळ जातो. तुला ते ऐकू येत नाही का?" आता लक्ष दिल्यावर आलं. म्हणून: दर फेरीला बटण सगळ्या घरांतून दोनदा फिरवून मग ठरलेल्या जागी आणायचं, खोक्यावर टॉवेल टाकायचा, आणि भाच्याने खोलीबाहेर जायचं. तो गेल्यावरच मी वाजवणार आणि उत्तर लिहिणार. नाण्याचे निकाल त्याच्या वहीत, उत्तरं माझ्या वहीत, शेवटपर्यंत ताडून पाहायचं नाही. अशी एक फेरी पाच मिनिटांची. आठ फेऱ्यांनंतर कान थकतो, तासभर सुट्टी.

४ मे

पेटी विरुद्ध शिडी, ओव्हरसॅम्पलिंग चालू: ९/१६.

संध्याकाळी पेटी विरुद्ध शिडी, एनओएस: ८/१६.

चार आठवडे खर्ची पडले आणि हातात काही नाही. शिडीच्या मऊपणावर माझा जीव होता, म्हणून वाईट वाटलं. काम इथेच थांबवावं असं ठरवून वही मिटली.

१० मे

वही उघडली, कारण काल रात्री शिडी बंद करून चालू केल्यावर पुढच्या पट्टीवरचा एनओएसचा दिवा लागला नाही. बंद-चालू केलं की ती ओव्हरसॅम्पलिंगवर परत जाते. रविवारी आठ फेऱ्यांनंतरच्या सुट्टीत मी सगळं बंद केलं होतं, आणि नंतर दिवा टॉवेलखाली. शिवाय आज तपासल्यावर कळलं की सिग्नल तुटला तरीही ती परत जाते, म्हणजे पहिल्या आठ फेऱ्यांचाही भरवसा नाही. ती अख्खी संध्याकाळ वाया. उपाय म्हणून आता दर फेरीला खोलीबाहेर जाण्याआधी भाचा टॉवेल उचलून दिवा बघतो.

पुन्हा केलं. पेटी विरुद्ध शिडी, एनओएस, दिवा तपासून: १४/१६. अंदाजाने एवढे यायची शक्यता ०.२ टक्के.

पियानोवर मला काही सुचत नव्हतं. तबल्यावर बायाच्या घुमाऱ्यात फरक शून्य, चाटेवर किंचित. तानपुऱ्यावर मात्र उत्तर पहिल्या पंधरा सेकंदांत यायचं. पंचमाची तार छेडली की आधी टोकाचा स्पर्श, मग जवारीवर तार घासत राहते आणि एकेक वरचा स्वर पाकळीसारखा उघडत जातो. पेटीवर त्या शेवटच्या, अगदी वरच्या पाकळ्या चकाकतात. शिडीवर त्या असतात, पण त्यांच्यावर जणू मलमल अंथरलेली असते. जोडाच्या दोन तारा आणि खर्ज दोन्हीकडे तेच. मी फक्त त्या शेवटच्या झळाळीवर लक्ष ठेवलं आणि चौदा बरोबर आले. चुकलेल्या दोन फेऱ्या सोळावी आणि पंधरावी, तेव्हा कान थकला होता.

११ मे

कारण मोजायचं ठरवलं. शिडीचं आउटपुट इंटरफेसला जोडून आरईडब्ल्यू या फुकट सॉफ्टवेअरने २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ स्वीप (खालून वर सरकत जाणारा टोन) घेतला. इंटरफेसचा स्वतःचा आलेख आधी तारेने लूप करून वजा केला.

पेटी: सपाट रेघ. शिडी ओव्हरसॅम्पलिंगवर: सपाट रेघ. शिडी एनओएसवर: १० किलोहर्ट्झला पाऊण डीबी खाली, १५ ला १.७, २० ला ३.२. ओव्हरसॅम्पलिंग नसलं की प्रत्येक नमुना पुढचा येईपर्यंत पायरीसारखा धरून ठेवला जातो, आणि त्या पायरीमुळेच वरचा भाग असा उतरतो. माझा आलेख गणिताने येणाऱ्या आकड्यांशी जुळला. कुठलाही ४४.१ वरचा शुद्ध एनओएस डॅक, दुरुस्तीचा फिल्टर नसेल तर, हाच उतार देणार, मग आत रेझिस्टर कितीही महाग असोत.

दुसरी गोष्ट इंटरफेस १९२ किलोहर्ट्झवर ठेवून पाहिली. १९ किलोहर्ट्झचा टोन दिला तर २५.१ वर त्याचं प्रतिबिंब, मूळ टोनपेक्षा जेमतेम अडीच डीबी खाली. कानाला ते ऐकू येत नाही, पण ॲम्प आणि ट्वीटरला ते वाहावं लागतं. एनओएस मोडमध्ये वरचे टेस्ट टोन स्पीकरवर मोठ्याने वाजवू नयेत.

ओव्हरसॅम्पलिंग ही नंतर आलेली चैन आहे असं मला वाटायचं. तसं नाही. फिलिप्सच्या पहिल्या पिढीच्या सीडी प्लेअरांत १४ बिटांच्या टीडीए१५४० चिपसोबत चौपट ओव्हरसॅम्पलिंग होतंच. १९८२ च्या सोनी सीडीपी-१०१ मध्ये ते नव्हतं, तिथे तीव्र उताराचा ॲनालॉग फिल्टर वापरला होता. दोन्ही वाटा पहिल्या दिवसापासून आहेत.

माझं स्वतःचं ऐकणं हेडफोनवर तपासलं: १३ किलोहर्ट्झच्या वर काही नाही. तिथे उतार १.३ डीबीचा. म्हणजे मी ओळखत होतो तो फरक एवढासाच. भाच्याला १७ पर्यंत ऐकू येतं, त्याच्या वाट्याला सव्वादोन डीबी. त्याने दुपारी एनओएसच्या सोळापैकी सोळा ओळखल्या, आणि तबल्यावरसुद्धा.

१७ मे

उताराशिवाय एनओएसमध्ये आणखी काही आहे का? हा प्रश्न आठवडाभर डोक्यात होता. शिडीच्या रेझिस्टरांची काही खासियत, लाटेचा आकार, काहीतरी.

तानपुऱ्याच्या फाइलची एक प्रत केली आणि तिच्यावर मोजलेला उतार फिल्टर म्हणून लावला: १० ला पाऊण डीबी, १५ ला १.७, २० ला ३.२. पेटीवर ती प्रत, शिडीवर मूळ फाइल एनओएसमध्ये. दर फेरी पहिल्यापासून वाजते, त्यामुळे दोन वेगळ्या फाइली वापरता येतात. फाइल निवडायचं कामही भाच्याने करून मग बाहेर जायचं, आणि दोन्ही फाइलींची नावं पडद्यावर सारखी दिसतील अशी ठेवायची. हे दुसरं मी आधी विसरलो होतो, पहिल्या तीन फेऱ्या रद्द केल्या.

मी: ७/१६. भाचा: ९/१६.

मलमल पेटीवरही अंथरली गेली. डोळे मिटून तानपुरा ऐकताना मला ती तशीच आवडते, हे मात्र बदललं नाही.

२४ मे

डबीची पाळी. हिच्यासाठी शिडी बाजूला. पेटीचा व्हॉल्यूम साडेसहा डीबीने खाली, उरलेला दशांश ट्रिमपॉटने, ॲम्प जोडून. डबीचं घड्याळ वेगळं, त्यामुळे ती पेटीसोबत एकाच वेळी वाजवली तर दोघी हळूहळू सरकतात. पण आता दर फेरी पहिल्यापासून असल्याने अडचण नाही.

तानपुरा ८/१६. पियानो ९/१६.

मग एक हल्लीचं, खूप ठासून मास्टर केलेलं (आवाज मर्यादेपर्यंत चढवलेलं) रेकॉर्डिंग लावलं, केवळ वेगळा नमुना हवा म्हणून. १३/१६. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला डबी जराशी फाटते, चरचरते. विसाव्या हिश्श्याच्या किमतीचा डॅक इथे उघडा पडला असंच मी लिहिणार होतो.

२५ मे

लिहिण्याआधी एक तपासणी केली, आणि बरं झालं केली.

नमुन्यांचे आकडे पूर्ण मर्यादेला असतात, पण दोन नमुन्यांच्या मधली खरी लाट त्याहून वर जाऊ शकते. ११.०२५ किलोहर्ट्झचा टोन ४५ अंश फेजने बनवला आणि नमुने मर्यादेला नेले तर खरी लाट तीन डीबी वर जाते. हा टोन डबीवर वाजवून रेकॉर्ड केला: लाटेचं डोकं सपाट छाटलेलं. पेटीवर गोल, अखंड. मग पेटीचा व्हॉल्यूम साडेसहा डीबी वर, पूर्ण केला. तिचंही डोकं सपाट.

म्हणजे चाचणीत मी पेटीला डिजिटल व्हॉल्यूम खाली घेऊन मोकळी जागा दिली होती आणि डबीला दिली नव्हती. दोष डबीचा एकटीचा नव्हता. फाइलच चार डीबीने खाली केली, ॲम्प तेवढा वर केला, पुन्हा सोळा फेऱ्या: ७/१६. फाटणं गेलं.

प्लेअरमध्ये आता कायमची चार डीबीची कपात आहे, तिन्ही डॅकसाठी. हा बदल सगळ्यांनी करून पाहावा. पैसा लागत नाही आणि ठासलेल्या रेकॉर्डिंगवर लगेच कळतो.

१ जून

हिशेब. काम साधारण ६५ तास, त्यातले ब्लाइंड टेस्टचे वीस. चुकलेला स्विच, ग्राउंड, ट्रिमपॉटची दुसरी जुळवणी, एनओएसचा दिवा आणि ठेच लागणारी पहिली चाचणी यांत मिळून किमान २५ तास गेले. खोक्याचं सामान डबीच्या किमतीच्या निम्म्यात झालं.

शिडी विकली. घ्यायला आलेल्या गृहस्थांना आलेख दाखवले, मोड आपोआप बदलतो हे दाखवलं, आणि तानपुरा दोन्ही मोडमध्ये ऐकवला. त्यांनी एनओएस डोळे मिटून पूर्ण बावीस मिनिटं ऐकला आणि तरीही घेतला. पेटी ठेवली, रिमोटवरचा व्हॉल्यूम रोज लागतो. तानपुऱ्याच्या सगळ्या रेकॉर्डिंगना प्लेअरमध्ये तो उताराचा फिल्टर लावून ठेवलाय.

खोकं पुढच्या महिन्यात एका मित्राकडे जातंय, त्याच्याकडेही दोन डॅक आहेत. ट्रिमपॉट हलू नयेत म्हणून त्यांच्या पेचांवर नेलपॉलिशचा एकेक थेंब टाकलाय. तो खरवडून काढून त्याने स्वतःचा ॲम्प जोडलेला ठेवूनच १०० हर्ट्झला पुन्हा जुळवावं, हे झाकणाच्या आत चिठ्ठीवर लिहिलंय. त्याच्या ॲम्पचं इनपुट १० किलोओहमचं आहे, माझे आकडे तिथे चालणार नाहीत.